चाचा कोण, हे ठरवतं कोण? १६९५ ची एक लूट आणि तिच्यामागचे कागद

मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ‘रुएन’ या मालवाहू जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. माणसं सोमालियाची, जहाजावर झेंडा माल्टाचा, घटना भर समुद्रात. मग खटला मुंबईत कसा? उत्तर ‘सागरी चाचेगिरी विरोधी कायदा, २०२२’ या भारतीय कायद्यात आहे. पण हा प्रश्न जुना आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात याच पाण्यात सुरतेचं एक जहाज लुटलं गेलं आणि समुद्रावरच्या चोराला कुणी, कुठे, कोणत्या गुन्ह्यासाठी पकडायचं यावरून लंडनपासून भीमाकाठापर्यंत धावपळ झाली.

ते प्रकरण समजलं की चाच्यांचा धंदा कसा चालायचा हे कळतं. एका डोळ्यावरची पट्टी आणि खांद्यावरचा पोपट यांचा त्यात फारसा संबंध नाही.

कृत्य एकच, नावं दोन

हप्ते थकले म्हणून मोटरसायकल उचलून नेणारा वसुलीवाला आणि मोटरसायकल चोर, गॅलरीतून बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात. फरक खिशातल्या कागदाचा. समुद्रावरही तसंच होतं.

युद्धाच्या काळात राजा खाजगी जहाजमालकाला परवाना द्यायचा: अमुक देशाची जहाजं दिसली तर पकड. असा परवाना असलेल्या माणसाला ‘प्रायव्हटिअर’ म्हणत. आपण ‘परवानेवाला’ म्हणू. त्याच्यावर बंधनं असत. शत्रू ठरलेला असे, आणि पकडलेलं जहाज बंदरात आणून न्यायालयासमोर उभं करावं लागे. न्यायालयाने ‘ही कायदेशीर लूट आहे’ असं म्हटल्यावरच मालाची विक्री आणि वाटणी व्हायची.

कागद नसताना, किंवा कागदाबाहेर जाऊन, तेच केलं की तो चाचा. १६९६ साली लंडनमधल्या एका न्यायाधीशाने ज्युरीला सोप्यात सांगितलं होतं की चाचेगिरी म्हणजे दुसरं काही नाही, दरोड्यालाच समुद्रावर दिलेलं नाव. ज्या खटल्यात तो हे बोलला, त्याच्याकडे आता वळू.

पगार थकला आणि जहाज गेलं

हेन्री एव्हरी हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला अनुभवी खलाशी. १६९३ मध्ये तो ‘चार्ल्स द सेकंड’ या ४६ तोफांच्या जहाजावर पहिला मेट, म्हणजे कप्तानानंतरचा अधिकारी म्हणून लागला. लंडनच्या काही धनिकांनी स्पेनच्या राजाच्या परवान्यावर कॅरिबियन समुद्रात जायची मोहीम आखली होती. स्पेनमधल्या ला कोरुन्या बंदरात कागदपत्रं येईपर्यंत थांबायचं होतं. कागदपत्रं आली नाहीत, पगारही आला नाही. महिनोन्‌महिने बंदरात सडल्यावर ७ मे १६९४ च्या रात्री बंड झालं. शेजारच्या जहाजावरून होडीतून आलेल्या सामील लोकांनी ‘दारुडा बोसन (खलाशांचा मुकादम) जहाजावर आहे का?’ असा खुणेचा प्रश्न विचारला आणि नांगराचे दोर सुटले. आजारी कप्तानाला किनाऱ्याकडे जायला होडी दिली. जहाजाचं नाव पडलं ‘फॅन्सी’.

चाचे बहुतेक असेच घडायचे. व्यापारी जहाजावर खलाशाला महिन्याला दोन-अडीच पौंड मिळत, तेही सफर संपल्यावर, त्यातून हजार कपाती होऊन. लढाई थांबली किंवा मोहीम फसली की तोफा चालवता येणारी शेकडो माणसं एकदम बेकार होत. कॅरिबियनमधल्या १७१६ ते १७२० च्या चाचेगिरीच्या लाटेमागेही हेच होतं. १७१३ मध्ये युद्ध संपलं, परवाने संपले, हाताला कसब तेवढं उरलं.

एवढ्या लांब लाल समुद्रावर का?

याचं उत्तर मोसमी वाऱ्यात आहे. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्या शांत होऊ लागला की होड्या पाण्यात उतरतात. शिडाच्या मोठ्या जहाजांचंही वेळापत्रक वाऱ्यानेच बांधलेलं. सुरतेची जहाजं पावसाळ्याआधी कापड घेऊन मोखा आणि जेद्दाहला जायची, सोबत हजचे यात्रेकरू. कापड तिथे विकलं जायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नैऋत्य वाऱ्यावर जहाजं परत फिरायची.

जाताना पोटात कापडाचे गठ्ठे, येताना सोनं-चांदी. गठ्ठा चोरला तर विकायला गिऱ्हाईक शोधा. नाणं चोरलं तर ते आधीच पैसा. त्यात परतीची वाट बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून. रुंदी तीसेक किलोमीटर, त्यातच पेरिम नावाचं बेट. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेरच्या पुलावर दबा धरून बसावं, तशी ही जागा.

१६९५ च्या ऑगस्टमध्ये एव्हरी तिथे पोचला, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतून आलेली आणखी पाच चाचे-जहाजं त्याला मिळाली. त्यांतल्या ‘अ‍ॅमिटी’चा कप्तान थॉमस ट्यू याने आधी एकदा याच वाटेवर मोठा हात मारलेला होता. बातमी न्यू यॉर्क आणि ऱ्होड आयलंडपर्यंत पोचली होती, म्हणून ही गर्दी.

आणि एवढं करून पंचवीसेक जहाजांचा मुघल ताफा रात्रीच्या अंधारात त्यांना चुकवून निघून गेला!

मोठं जहाज हरलं कसं?

आता पाठलाग. इथे वेगाचं गणित येतं. लाकडी जहाज काही महिने उष्ण पाण्यात राहिलं की तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात, समुद्री किडा फळ्या पोखरतो, वेग घटतो. उपाय एकच. उथळ किनाऱ्यावर जहाज एका कुशीवर कलवायचं, तळ खरवडायचा, जाळून साफ करायचा, डांबर-चरबीचा लेप द्यायचा, मग दुसऱ्या कुशीवर. तोफा, पाण्याची पिंपं, सगळं आधी उतरवावं लागतं. ते दिवस चाच्यासाठी सगळ्यात धोक्याचे. त्या अवस्थेत कुणी गाठलं तर संपलंच. म्हणून मादागास्कर, कोमोरोससारखी आडबाजूची बेटं त्यांना लागायची. एव्हरीने ‘फॅन्सी’च्या वरच्या बांधकामाचा काही भागही कापून टाकला होता. वजन कमी, वारा अडवणारा पृष्ठभाग कमी, जहाज चपळ. सोबतची हळू जहाजं मागे पडली. त्यांतलं एक तर एव्हरीने माणसं आपल्याकडे घेऊन जाळूनच टाकलं.

आधी सापडलं ‘फतेह मुहम्मद’. मालक सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर. त्या झटापटीत थॉमस ट्यू पोटात गोळा लागून मेला असं सांगतात. मग ७ सप्टेंबरला ‘गंज-ए-सवाई’ गाठलं गेलं. हे खुद्द औरंगजेबाचं जहाज, सुरतेचं सर्वात मोठं. इतिहासकार खाफी खान त्या काळी याच भागात होता. त्याच्या लिहिण्याप्रमाणे जहाजावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या, आणि सुरत फक्त आठ-नऊ दिवसांवर होती. इंग्रजी हिशेबात तोफा ६२. कुठलाही आकडा धरा, ‘फॅन्सी’पेक्षा जास्तच.

मग हरलं का? दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. ‘गंज-ए-सवाई’चीच एक तोफ डागताना फुटली आणि आसपासची माणसं मेली. ओतीव तोफेत आतून चीर किंवा पोकळी असेल, किंवा बारूद जास्त भरली असेल, तर ती पुढे गोळा न फेकता स्वतःच फुटते. जवळपास बारूद उघडी असली तर आगीचा भडका वेगळाच. दुसरं, ‘फॅन्सी’चा गोळा मोठ्या डोलकाठीवर बसला. डोलकाठी पडली की शीड, दोरखंड, आडव्या काठ्या सगळं डेकवर कोसळतं. जहाज पळूही शकत नाही आणि त्या बाजूच्या तोफाही ढिगाखाली जातात. चाचे चढले. खाफी खानाचा राग मात्र इब्राहिम खान या कप्तानावर आहे: तो खाली तळघरात पळाला, असं तो लिहितो.

पुढचे काही दिवस जे झालं ते लिहायला सुखाचं नाही. धन कुठे लपवलंय हे वदवून घ्यायला माणसांचे हाल केले गेले. हजहून परतणाऱ्या बायकांवर बलात्कार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी स्वतःला भोसकून घेतलं. चाच्यांची रंगेल चित्रं काढणारे हा भाग हमखास गाळतात.

पण चाच्यांत म्हणे लोकशाही होती?

अर्धवट खरं आहे. कप्तान बहुधा मतांनी ठरायचा, आणि वाटणी-शिस्तीसाठी ‘क्वार्टरमास्टर’ नावाचा, कप्तानाला आवर घालू शकणारा दुसरा माणूस असायचा. निघण्याआधी कलमं लिहून सह्या होत. १७२० च्या सुमारास बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरची कलमं उपलब्ध आहेत: कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन हिस्से, तोफांच्या प्रमुखाला दीड, साध्या खलाशाला एक, लढाईत हात-पाय गेला तर ८०० स्पॅनिश डॉलर भरपाई, रात्री आठला दिवे बंद, पैशाचा जुगार नाही. राजाच्या नौदलात कप्तान आणि खलाशी यांच्या हिश्शांत याच्या कैक पट अंतर असायचं.

‘फॅन्सी’वर पूर्ण हिस्सा साधारण १,००० पौंडांचा झाला. मघाचा पगार आठवा: सगळा हातात पडला तरी वर्षाला पंचवीस-तीस पौंड. एका आठवड्यात पस्तीस-चाळीस वर्षांची कमाई! एकूण लूट ३,२५,००० पौंडांपासून ६,००,००० पौंडांपर्यंत सांगितली जाते. खाफी खान ५२ लाख रुपये म्हणतो. नुकसान झालेला आकडा वाढवून सांगतो, जबाबदार धरला जाणारा कमी करून, हा नियम तेव्हाही होताच.

वाटणीतला एक किस्सा बोलका आहे. सोबतच्या ‘पर्ल’ जहाजाच्या लोकांनी ‘फॅन्सी’वाल्यांशी नाण्यांची अदलाबदल केली. नंतर लक्षात आलं की त्यांनी दिलेली नाणी कडा कातरलेली होती. तेव्हा नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या धातूचं वजन, त्यामुळे कडा कातरणं म्हणजे सरळ चोरी. एव्हरीने त्यांचा सगळा वाटा काढून घेतला आणि वाटखर्चाला थोडी रक्कम ठेवली. चोरावर मोर.

आणि ही समता त्यांच्या जहाजापुरतीच. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर याच लोकांनी व्यापाराच्या मिषाने माणसांना जहाजावर बोलावलं, त्यांचं सोनं घेतलं आणि त्यांना साखळ्या घालून गुलाम केलं. त्यांना मत नव्हतं, हिस्साही नव्हता.

लूट पचवायची कुठे?

चोरी करणं सोपं, पचवणं अवघड. सराफ कटात नसेल तर चोरीचं सोनं नुसतं ओझं. १६९६ च्या वसंतात ‘फॅन्सी’ बहामा बेटांतल्या नासाउला गेली. एव्हरीने नाव सांगितलं ‘हेन्री ब्रिजमन’. तिथला गव्हर्नर निकोलस ट्रॉट याला माणशी २० आणि कप्तानाचे ४० स्पॅनिश डॉलर देऊ केले, शिवाय जहाज आणि त्यातले हस्तिदंत, बारुदीची शंभर पिंपं. फ्रेंच हल्ल्याच्या भीतीत असलेल्या त्या मोडक्या बेटाला तोफा आणि माणसं दोन्ही हवी होती. ट्रॉटने प्रश्न विचारले नाहीत.

जमिनीत पेट्या पुरण्याचं म्हणाल, तर बहुतेकांनी पुरलं नाही, खर्च केलं. जॉन डॅन नावाच्या खलाशाने आपला वाटा जाकिटाच्या अस्तरात शिवून घेतला होता. इंग्लंडमध्ये रॉचेस्टरच्या खाणावळीत मोलकरणीला ते जाकीट जड लागलं. आत १,०४५ सोन्याची नाणी! डॅन पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. एव्हरी मात्र १६९६ मध्ये आयर्लंडला उतरला आणि कायमचा गडप झाला.

चोर पळाला, जामीनदार सापडला

त्या वेळी बादशहाचा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या मंगळवेढ्याजवळ माचणूरला होता. जहाज बादशहाचं, यात्रेकरू हजचे, चोर इंग्रज. सुरतेत लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीवर चालून गेले. वखारीचा प्रमुख सॅम्युअल अ‍ॅनस्ली आणि इतर इंग्रज बेड्या घालून कैदेत पडले. काही महिने व्यापार ठप्प.

कंपनीचं म्हणणं: एव्हरी आमचा नोकर नाही. खरंच नव्हता. पण सुरतेच्या माणसाच्या दृष्टीने बघा. तुमची बोली, तुमचा झेंडा, तुमच्यासारखीच तोफांनी भरलेली जहाजं. शिवाय मुंबईत कंपनी स्वतःच्या राजाच्या नावाने नाणी पाडते. मग तुमच्यातला कोण चोर आणि कोण साव, हे आम्ही कसं ओळखावं?

अखेर हजच्या जहाजांना संरक्षण द्यायचं इंग्रजांनी कबूल केलं. पुढे डच आणि फ्रेंचांनाही तशी हमी द्यावी लागली. लंडनमध्ये एव्हरीवर ५०० पौंडांचं इनाम लागलं, कंपनीने त्यात ५०० घातले.

ज्युरीने सोडून दिलं, मग?

ऑक्टोबर १६९६ मध्ये एव्हरीचे सहा साथीदार लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभे राहिले. आरोप ‘गंज-ए-सवाई’च्या लुटीचा. ज्युरीने निर्दोष ठरवलं! इंग्लंडच्या सामान्य माणसाला दूरच्या बादशहाचं जहाज लुटणं फारसं पाप वाटत नव्हतं, हे उघड आहे. सरकारची पंचाईत झाली, कारण निकाल सुरतेपर्यंत जाणार होता. एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येईना, म्हणून काही दिवसांत दुसरा गुन्हा काढला: ‘चार्ल्स द सेकंड’ पळवल्याचा. जहाज इंग्रजांचं, मालक इंग्रज. आता मात्र दोषी ठरले. २५ नोव्हेंबरला पाच जण टेम्सच्या काठी फासावर गेले. दरोड्यात सुटले, गाडीचोरीत अडकले.

वसाहतीत पकडलेला चाचा खटल्यासाठी इंग्लंडला न्यावा लागणं हीही मोठी अडचण होती. १७०० च्या सुमारास कायदा बदलून समुद्रापार न्यायालयं भरवायची सोय झाली. १७२२ मध्ये रॉबर्ट्सच्या ५२ साथीदारांना आफ्रिकेच्या केप कोस्ट किल्ल्यातच फाशी दिलं गेलं, ते या सोयीमुळे.

किडचं काय चुकलं?

विल्यम किड या कप्तानाकडे तर कागद होते. १६९६ मध्ये तो ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ घेऊन निघाला तेव्हा एक परवाना फ्रेंच जहाजं पकडायचा आणि एक चाचे पकडायचा. ट्यूचं नावही त्या यादीत होतं. तो मेल्याची बातमी पोचली नव्हती. मोहिमेत इंग्लंडच्या बड्या सरदारांचा पैसा, आणि अट अशी की शिकार नाही तर पगार नाही. अशा अटीवर चाच्यांना पकडायला माणसं पाठवणं म्हणजे उपाशी माणसाला मिठाईच्या दुकानाचा पहारेकरी नेमणं. शिकार मिळेना, खलाशी भडकले. एका वादात किडने विल्यम मूर या गोलंदाजाच्या डोक्यात लोखंडी कड्यांची बादली घातली, तो मेला.

जानेवारी १६९८ मध्ये कोचीनच्या बाजूला ‘क्वेडा मर्चंट’ दिसलं. किडने फ्रेंच झेंडा लावला. त्या काळी व्यापारी जहाजं दोन-तीन देशांचे परवाने बाळगायची आणि समोर जो झेंडा दिसेल त्याचा कागद काढायची. त्यांनी फ्रेंच कागद काढला. किड खूश: फ्रेंच कागद, म्हणजे कायदेशीर शिकार! पण माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा आणि मुघल दरबारातल्या एका बड्या असामीचा, कप्तान इंग्रज. जहाज न्यायालयात न नेता बराच माल त्याने मलबार किनाऱ्यावरच विकला. परवानेवाल्यावरची मघाची अट आठवा. ती तिथेच मोडली.

सुरतेचा धडा ताजा असल्याने लंडनला बळी हवा होता. खटल्याच्या वेळी ते फ्रेंच कागद समोर आलेच नाहीत. २३ मे १७०१ रोजी फाशी देताना दोर तुटला. पुन्हा चढवून फाशी दिलं. कागद विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. ते तेव्हा असते तरी तो सुटला असता असं मला वाटत नाही. मूरच्या खुनाचा निकाल वेगळा होताच.

मग कान्होजी आंग्रे?

मराठी वाचकाचा हा प्रश्न ठरलेला, आणि रास्त. इंग्रजी कागदांत कान्होजी सरसकट ‘पायरेट’. आजच्या कायद्याची फूटपट्टी लावून बघू: चाचेगिरी म्हणजे खाजगी जहाजावरच्या लोकांनी खाजगी हेतूने केलेली हिंसा किंवा लूट. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं ‘दस्तक’ घ्यायचं, पैसे भरायचे. नसेल तर जप्ती. ही पद्धत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच ‘कार्ताझ’ या नावाने इथे रुजवली होती आणि कंपनीही स्वतःचे परवाने देत होती. भांडण खरं तर इथे होतं: कंपनीच्या परवान्याखाली जाणारं देशी व्यापाऱ्याचं गलबत आंग्र्यांच्या दस्तकातून सुटतं की नाही?

‘पण ज्याचं जहाज जप्त झालं त्याला काय फरक?’ त्या दिवशी काहीच नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज आंग्र्यांनी पकडलं, त्यात कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन हा मारला गेला आणि त्याच्या पत्नीच्या सुटकेला ३०,००० रुपये मोजावे लागले. हे सौम्य नाही. फरक पुढे दिसतो. आंग्र्यांचा पत्ता ठाऊक होता, वकील पाठवता येत होता, आणि १७१३ मध्ये कंपनीने त्यांच्याशी रीतसर तहही केला. तो टिकला नाही. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर इंग्रज चालून गेले, दोन्हीदा हात हलवत परतले.

१७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर पेशव्यांच्या सोबतीने निघताना इंग्रज याला ‘चाच्यांविरुद्धची मोहीम’च म्हणत होते. मुंबईतून निघण्याआधी आरमाराचा अ‍ॅडमिरल वॉटसन आणि सैन्याचा क्लाइव्ह यांच्या लोकांनी बैठक घेऊन लुटीचे हिस्से ठरवले. क्लाइव्हला कितवा हिस्सा यावरून कुरबुरही झाली. किल्ला पडल्यावर सुमारे दहा लाख रुपये हाती लागले. ते इंग्रजांनी आपसात वाटून घेतले. पेशव्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.